फुलाचा पाठ

त्या दिशी चूल काय पेटंना. आठ दिवसांपासून परतीच्या पावसानं झड लावलेली, गॅसची टाकी खलास, कपाशीच्या पऱ्हाट्या वल्या, अन् शाळंतल्या दीडशे लेकरांची खिचडी दुपारच्या आत उतरवायची. फुकणीनं फुकू फुकू माझे डोळे लाल झालेले. आन ही माझी भाची प्रेरणा उंबऱ्यात वही मांडीवर घिऊन बसलेली, मला इचारती, "मावशी, बाईला पाळी येते, त्याला तुमच्या गावात काय म्हणतात?"

फुकणी माझ्या हातातून पडता पडता राहिली.

"हळू बोल की! पोरं हायेत भायेर."

"सांग ना."

"आमी कायबी म्हणत नाय. बाजूला बसली म्हणतो. अडचण हाय म्हणतो."

तिनं वहीत लिहिलं, अडचण. मंग म्हणली, "म्हणजे सरळ नावच नाही."

"नाव कशाला पायजे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

आमचं गाव देवगाव रंगारीपासून आत, कच्च्या रस्त्यानं. मी भागूबाई, बारा वर्षं झाली इथल्या शाळंत खिचडी शिजविते. प्रेरणा माझ्या धाकट्या बहिणीची लेक. वाढली शहरात, मुकुंदवाडीला, बाप कंपनीत. बी.एड. करू लागलेली. मास्तर व्हायच्या आधी दोन महिने कुठल्यातरी शाळंत शिकवून दाखवावं लागतं म्हणं. तर मावशीचं गाव म्हणून तिनं आमचीच शाळा घेतली अन् माझ्याच घरी राहिली. रोज साडी नेसून, पदराला पिन लावून चिखलातून चालायची. तिच्या कॉलेजातल्या चारुता मॅडम गुरुवारी तिचा तास बघायला येनार व्हत्या, मार्क द्यायला.

"आठवीच्या पोरापोरींना वाढीच्या वयाचं सांगायचंय मला," प्रेरणा म्हणली. "अंगात काय बदल होतात, का होतात, कुणी हात लावला तर काय करायचं."

"तुला कॉलेजात शिकिवलं आसंल ना?"

ती हसली, पण ते हासू काय हासू नव्हतं. "एक तास होता मावशी. सर आले, फळ्यावर नाव लिहिलं, अन् म्हणाले, तुम्ही सगळे मोठे आहात, घरी वाचून घ्या, दहा मार्कांना येतं. पोरं खिडकीबाहेर बघत बसली, आम्ही माना खाली घालून. पंधरा मिनिटांत सर निघून गेले."

"मंग तू काय सांगनार? आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येनार?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चारुता मॅडमच. प्रेरणानं आदल्या सांजंला पाठाचं लिहिलेलं पान त्यांना फोटो काढून धाडलं व्हतं. मॅडमचा आवाज मला चुलीपाशी ऐकू यायला लागला. "अगं प्रेरणा, हे काय लिहिलंस? खेड्यातली शाळा आहे ती. उद्या पालक दारात आले म्हणजे? फुलाचे भाग घे. छान रंगीत तक्ता कर. मार्कही चांगले पडतील."

"हो मॅडम," प्रेरणा म्हणली.

फोन ठिवला, वहीतली चार पानं टराटरा फाडली अन् माझ्याकडं दिली. "घे मावशी. पेटव चूल."

कागद वाळलेले व्हते. चूल पेटली.

*

गुरुवारी मॅडम आल्या. मोठ्या घरच्या बाई, बोलणं मऊ, पायातल्या चपला चिखलानं बरबटल्या तरी तोंडातून चकार शब्द नाय. मागच्या बाकावर बसल्या, हातात पेन. मी वर्गाच्या दारापाशीच तांदूळ निवडत बसले. भाचीचा तास, बघावा म्हणलं.

प्रेरणानं जास्वंदाचं फूल आणलं व्हतं. एकेक पाकळी सोडवून दाखवली. हा पुंकेसर, हा स्त्रीकेसर, हे परागकण. पोरं डोळे फाडून बघू लागली. लई ग्वाड शिकवत व्हती माझी भाची, खोटं काहून बोलू?

मंग तिसऱ्या बाकावरून रत्नमाला उठली.

रत्नी साहेबरावची थोरली. चौदावं लागलेलं. तिची माय दोन वर्सांमागं ऊसतोडीला गेलेली, तिथंच वारली. तिला लई दिवस अंगावरून जायचं. कामाच्या रगाड्यात कुणी बघितलं नाय, अन् बघितलं तव्हा येळ निघून गेलती. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, मायचे भरलेले कपडे धुवायला हीच पोरगी व्हती. आता घरी आजी, बाप अन् धाकटी बहीण. महिना झाला, मी बघत व्हते, रत्नी खिचडीचं ताट निम्मं बहिणीच्या ताटात लोटायची. इचारलं तर म्हणायची, भूक नाय.

"मॅडम," रत्नी म्हणली, "फूल गळून पडतं. तसं बाईचं रगत गळू गळू ती मरती का?"

 मंग मागून पोरं फिसकन हसली. एकानं शिट्टीबी घातली.

प्रेरणानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनं पेन वर उचललेला. प्रेरणाचा चेहरा त्या जास्वंदासारखा झाला. माझ्या सुपातले हात थांबले. मला वाटलं, सांगंल. सांग बाई.

"रत्नमाला," ती म्हणली, "विषयाला धरून प्रश्न विचारायचा. बस खाली."

पोरगी बसली. पाठ पुढं गेला. जाताना मॅडमनं वहीत काय लिहिलं ते प्रेरणानं मला सांजंला वाचून दाखवलं. वर्गनियंत्रण उत्तम.

*

शुक्रवारी रत्नी शाळंत आली नाय. शनवारीबी नाय. सोमवारी तिची धाकटी बहीण खिचडीच्या रांगंत आली, तर तिच्या हातात रत्नीची कंपासपेटी. अन् केसाला रत्नीची निळी रिबीन.

"हे काहून घेतलं गं अक्काचं?"

"अक्कानंच दिलं. म्हणली, मला आता लागनार नाय. तुलाच ऱ्हाऊ दे."

 पळी तशीच पातेल्यात टाकली, प्रेरणाला वर्गातून बोलावलं, अन् दोघी साहेबरावच्या वावराकडं निघालो. काळ्या रानातला गारा, पाय टाकावा तर घोट्यापर्यंत रुतायचा, काढावा तर चप्पल आतच. सगळी कपाशी भिजून लोंबत व्हती. बोंडातल्या सरकीला तिथंच कोंब फुटलेले. वर्साची मेहनत अशी डोळ्यांदेखत नासलेली. त्या लोंबत्या कपाशीत रत्नी एकटीच वला कापूस वेचत व्हती. तोंड पांढरंफट, ओठाला रंग नाय.

म्या तिला बांधावर बसवलं. लई गोंजारलं तव्हा बोलली.

"मायला झालतं तेच मला झालंय, आजी. आखाडापासून. दर म्हैन्याला येतं. म्या कुणाला सांगितलं नाय. बाप आधीच मायच्या वक्ताला लई रडला. खाल्लं की रगत वाढतं, मंग जास्त जातं, म्हणून म्या खात नाय. पण आता लई दिवस नाय ऱ्हाइले माझे."

चौदा वर्साचं लेकरू. तीन म्हैने हे मनात घिऊन शाळंत येत व्हतं, पाढे म्हणत व्हतं.

म्या प्रेरणाकडं बघितलं. शिकलेली तू, बोल. तिच्या डोळ्यांतून पाणी. शेवटी मला म्हणली, "मावशी, जमिलाआपाला बोलाव. मला... मला नीट सांगता येणार नाही."

जमिला आमच्या गावची आशाताई. नवरा फारूख बाजारात बांगड्या इकतो. चपला हातात घिऊन, साडी खोचून ती गाऱ्यातून धावत आली. आली ती सरळ रत्नीपाशी फतकल मारून बसली.

"इतके दिवस एकटीच सोसली बेटा? मेरेकू नाय बोलायचं?" मंग तिनं एक काडी घेतली अन् त्या वल्या मातीवर बाईच्या पोटातली पिशवी काढली. "ही बघ. पेरणीच्या आधी रान तयार करतात ना? तसं दर महिन्याला ही पिशवी आतून मऊ गादी घालती. पेरणी नाय झाली, गादी कामाची नाय, तर ती बाहेर टाकून देती. तेच रगत. बीमारी नाय ही. मला येते. ह्या मॅडमला येते. ज्या दिवशी तुला आली त्या दिवशी तुझं शरीर बरोबर चाललंय, बस."

"मंग माय?"

"तुझ्या अम्मीची बीमारी वेगळी व्हती. तिला दवाखान्यात न्यायचं व्हतं, वेळेवर कोणी नेलं नाय. तुझं तसं नाय. पर कपडा धुऊन उन्हात वाळवायचा, अन् खायचं. पोटभर खायचं."

प्रेरणा जमिलाच्या तोंडाकडं अशी बघत व्हती, जशी पहिलीतली पोर फळ्याकडं बघती. मंग हळूच तीबी बोलायला लागली. अडखळत, घाम पुसत. लग्न करायला अन् मूल व्हायला अंग कधी तयार असतं, कधी नसतं, कायद्यानं अठरा वर्सं कशाला ठिवलीत, समदं.

रत्नीनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हंजी मी मरनार नाय?"

"नाही गं बाई."

ती रडली. असं रडली की कपाशीतले बगळे उडाले. मंग नाक पुसून म्हणली, "आजी, भाकर हाय का?" माझ्याकडं नव्हती; जमिलानं घरून आणवली. दीड भाकर खाल्ली पोरीनं, मिरचीच्या ठेच्यासंगं. शेवटचा घास गिळून तिनं प्रेरणाला इचारलं, "मंग तव्हाच काहून नाय सांगितलं, मॅडम?"

प्रेरणा मातीवरच्या त्या चित्राकडं बघत ऱ्हाइली. थेंब थेंब पाऊस लागला व्हता. चित्र पुसत चाललं व्हतं.

*

आता माझं सांगते. हे सांगायला जीभ जड हुती, पण सांगते.

त्याच सांजंला म्या रत्नीच्या आजीला गाठलं अन् कानात सांगितलं, "पोरगी न्हाती-धुती झाली गं. जरा लक्ष ठिव. कपडालत्ता बघ." मला वाटलं, घरातल्या बाईला ठावं असलं पायजे, पोरीला आधार व्हईल. आमच्यात असंच चालतं. मलाबी असंच सांगितलेलं, माझ्या मायलाबी.

दुसऱ्या दिवसापासून रत्नीची शाळा बंद. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. ऊसतोडीच्या मुकादमाला कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी पायजे, एकटं माणूस चालत नाय. शेजारच्या तांड्यावरचा एक पोरगा, एकवीस-बावीस वर्साचा, त्याच्यासंगं साहेबरावनं सुपारी फोडली. पाडव्याला लगीन अन् तिसऱ्या दिशी कारखान्याची गाडी.

मला कळलं तव्हा मी पळत गेले. साहेबराव दारात कोयत्याला धार लावत व्हता.

"साहेबराव, लेकरू हाय ते."

"भागूबाई, तूच तर आली व्हती सांगायला. शहाणी झाली म्हणून." त्यानं मान वर केली नाय. "म्हतारी आज हाय उद्या नाय. मी सहा म्हैने फडावर. वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठिवू? काय झालं तर गाव तू सांभाळशील का?"

 तो मानूस काय राक्षस नव्हता. बायकोला खांद्यावर घिऊन तीन किलोमीटर पळालेला मानूस तो.

तेवढ्यात रत्नीच आतून बोलली. "बापू, मॅडम म्हणल्या अठराच्या आत लगीन केलं तर गुन्हा असतो. अन् अंग तयार नसतं."

धार लावायची थांबली.

सकाळी साहेबराव अन् मागं पंचवीस मानसं शाळंच्या आवारात. "कुठंय ती मास्तरीण? पोरींना घाण शिकविती! बापाला उलटून बोलायला शिकविती!" कुणी म्हणलं, शहरातनं आलीया नखरे घिऊन. कुणी जमिलाचं नाव काढलं, अन् त्यात जात काढली, धरम काढला, जे काढू नये ते समदं काढलं. हेडसर हात जोडू जोडू थकले. प्रेरणा पुढं आली. 

"घाण नाही शिकवली काका. तुमची मुलगी मरायला बसली होती. चार दिवस आधी मी बोलले असते तर तिनं कंपासपेटी वाटली नसती. माझी चूक आहे ती मी बोलले ही नाही, मी उशिरा बोलले ही आहे."

कुणी ऐकलं नाय. हेडसरनं त्याच दिवशी तिला एसटीत बसवून दिलं अन् कॉलेजला पत्र धाडलं.

जाता जाता एसटीतूनच तिनं १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पाडव्याच्या आदल्या दिशी सरकारी गाडी आली, पोलीस आले, ग्रामसेवक आले. मांडव उतरला. साहेबरावनं लिहून दिलं, अठरा झाल्याबिगर लगीन करनार नाय. म्या मनात म्हणलं, जितलो बाबा.

तिसऱ्या दिशी पहाटंला कारखान्याची गाडी गेली. त्यात साहेबराव, त्यात रत्नी. बाप-लेकीचा कोयता. कुणाला काय म्हणता येनार? मंग संक्रांत झाल्यावर फडावरून आलेल्या एकानं खबर आणली. तिकडंच, कोपीपुढं, चार मानसांत रत्नीचं लगीन लावून दिलं. त्याच पोराशी. जमिलानं परत फोन लावले, कागद दिले. जिल्हा दुसरा, फड हालता, आज इथं तर उद्या तिथं. अजून शोधूच लागलेत.

गावात निम्म्या बाया माझ्याशी बोलत नायत, फोन माझ्याच भाचीनं केला म्हणून. बाकीच्या निम्म्या बोलतात, ते ऐकवत नाय.

*

फागुनात एक दिवस चारुता मॅडम माझ्या दारात. एकट्याच आलत्या. प्रेरणानं कॉलेजात जाब देताना समदं लिहून दिलं व्हतं, फाडलेल्या पानांपासून. ते घडी घालून त्यांच्या पर्समधी व्हतं. त्यांनी चहाला हात लावला नाय.

"भागूबाई, त्या मुलीनं प्रश्न विचारला तेव्हा मला सगळं समजलं होतं," त्या म्हणल्या. "प्रेरणाला नसेल समजलं. मला समजलं होतं. आणि मी पेन उचलला."

 म्या तरी काय केलं व्हतं?

"वीस वर्षं मी शिक्षक घडवते. हा एक धडा मी कधी शिकवलाच नाही. मला कुणी शिकवला नव्हता." मंग म्हणल्या, "तुम्ही आणि जमिलाताई कॉलेजात याल? माझ्या मुलांना सांगायला?"

जमिला लगेच हो म्हणली. मी म्हणलं, मी आडाणी, मी काय सांगू? तरी गेले.

मोठी खोली, पंखे, पन्नास-साठ पोरं-पोरी, उद्याचे मास्तर. जमिलानं फळ्यावर तीच पिशवी काढली. मॅडमनं नेम असा लावला, एकेकानं उठायचं, 'मासिक पाळी' हा शब्द सरळ उच्चारायचा. पहिल्याला हासू फुटलं. दुसरीला बोलताच येईना. प्रेरणा मागं उभी राहून धीर देत व्हती. चौथ्या-पाचव्यापर्यंत हासू सरलं. म्या उभं राहून रत्नीचं सांगितलं. कंपासपेटी सांगितली, मातीतलं चित्र सांगितलं, अन् आजीच्या कानात मी काय बोलले तेबी सांगितलं. 

मंग मॅडम म्हणल्या, "आता वर्गातल्यासारखं करू. अमेय, तू पुढे ये. आजी प्रश्न विचारतील, तू उत्तर दे. आजी, तुम्हाला जे विचारायचं ते विचारा."

अमेय म्हंजी चष्म्यावाला, उंचेला पोरगा. खडू हातात घिऊन उभा ऱ्हायला.

मला कायतरी सोपं इचारायचं व्हतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. कुठं दडून बसलं व्हतं देव जाणे.

"बाबा, माझं लगीन झालं तव्हा मी रत्नीयेवढीच व्हते. पंधराव्या वर्सी पहिलं लेकरू झालं. पोरगा. सहा म्हैन्याचा झाला अन् तापानं गेला. सासू म्हणली, तू पाळीत असताना देव्हाऱ्याला शिवली, म्हणून लेकरू गेलं. म्या खरंच शिवले व्हते. दिवा लावायला कुणी नव्हतं म्हणून. चाळीस वर्सं झाली. नवऱ्याला सांगितलं नाय, मायला सांगितलं नाय. आता तू मास्तर हायेस, तू सांग. माझ्या हातानं गेलं का माझं लेकरू?"

पोराच्या हातातला खडू मोडला. त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनं मान खाली घातली नाय, पेन उचलला नाय, नुसत्या बघत ऱ्हाइल्या त्याच्याकडं.

"नाही आजी," तो म्हणला. जवळ उभ्या मलाच ऐकू जाईल येवढं हळू. "पाळीचा आणि त्याचा काही संबंध नाही. बाळ तापानं गेलं. तुमच्यामुळं नाही."

मला पहिल्या वक्तालाच नीट ऐकू आलं व्हतं. तरी म्या म्हणलं, "परत सांग."

त्यानं परत सांगितलं.

"असं नाय बाबा. मास्तर हायेस तू. मागच्या बाकापर्यंत गेलं पायजे."

पोरानं चष्मा काढला, डोळे पुसले, अन् छाती भरून मोठ्यानं सांगितलं.